कन्यादानानंतरचा बाप

मराठी लग्नात एक विधी असा होतो की ज्याकडे मांडवातल्या फारशा कोणाचे लक्ष नसते. पाहुण्यांचे डोळे जेवणाच्या रांगेकडे लागलेले, फोटोवाला "काका, जरा इकडे बघा" म्हणतोय, कुठेतरी एक मूल रडतेय. आई झारीतून पाण्याची धार सोडते, ती वडिलांच्या ओंजळीतून नवऱ्या मुलाच्या ओंजळीत उतरते, आणि गुरुजी नवरदेवाकडून तीनदा वदवून घेतात: नातिचरामि. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून मी वागणार नाही, असे ते वचन. ते मुलीचा बाप मागतो आणि ते मुलीच्या बापालाच दिले जाते.

वर्षभराने तीच मुलगी दंडावरचे वळ पदराआड झाकत माहेरी येते. तेव्हा हाच बाप म्हणतो, "आता तेच तुझं घर. थोडं सांभाळून घे. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." एकदा दिली म्हणजे दिली, असा त्याचा हिशोब असतो. हा हिशोब त्याला धर्माने शिकवला, असे तो मानतो. पण ज्याने वचन घेतले, तो वचन मोडल्यावर 'माझा आता संबंध नाही' असे कोणत्या शास्त्राच्या आधारे म्हणतो?

शास्त्र उघडले तर बापाची पंचाईतच होते. पूर्वमीमांसेत, जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात, विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग शंका निघते: 'माझे' म्हणून आईबापांचाही उल्लेख होतो, तर त्यांनाही देऊन टाकायचे का? उत्तर स्वच्छ नकाराचे आहे. ज्यावर आपले स्वामित्व आहे तेच देता येते; नाते म्हणजे स्वामित्व नव्हे. त्याच ओघात असेही ठरते की राजालासुद्धा पृथ्वी दान करता येत नाही, कारण तो तिचा रक्षक आहे, मालक नाही. याज्ञवल्क्य स्मृतीने दानाचे नियम सांगताना बायको आणि अपत्य यांना देय वस्तूंतून वगळले. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात 'मिताक्षरा' लिहिली आणि पुढे इंग्रजी न्यायालयांनीही महाराष्ट्रातल्या हिंदूंचे वारसाहक्काचे खटले प्रामुख्याने तिच्याच आधारे चालवले.

म्हणजे जिच्यावर मालकी नाही तिचे दान कसे होणार, हा प्रश्न आधुनिक स्त्रीवादाने बाहेरून आणलेला नाही. दानाचा विचार सर्वांत काटेकोरपणे करणाऱ्या परंपरेनेच तो उभा केला.

अर्थात परंपरा एका सुरात बोलत नाही. बाईचे रक्षण आधी बापाने, मग नवऱ्याने, मग मुलाने करावे, तिला स्वातंत्र्य नको, हेही मनुस्मृती सांगते; कन्यादानाचे पुण्य किती पिढ्यांना पुरते याची वर्णने ठिकठिकाणी आहेत. घराघरांत मुरले ते हे दुसरे. मीमांसकांचा काथ्याकूट पोथ्यांत राहिला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लावले, तेव्हा त्यांनी या गाठीवरच घाव घातला. त्या विवाहात वधू स्वतः वराकडे हक्क मागते आणि वर तिलाच वचन देतो. मध्ये दाता नाही, दानही नाही. कायद्याच्या दृष्टीनेही कन्यादानावाचून काही अडत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात उल्लेख आहे तो सप्तपदीचा, आणि कन्यादान हा लग्नाचा आवश्यक विधी नसल्याचे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२४ मध्ये स्पष्टच सांगितले.

तरी बाप महत्त्वाचा उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के होते. हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी, आणि त्यांतल्या सर्वाधिक गेल्या त्या माहेरच्या माणसांकडे. पोलीस, डॉक्टर, वकील यांचा क्रमांक फार खाली लागतो. सरकारने किती केंद्रे उघडली, किती क्रमांक जाहीर केले याची मोजदाद होत राहील. पण या देशातले सगळ्यात मोठे मदत केंद्र आजही मुलीच्या बापाचे घर हेच आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाला या कामाचे कसलेही शिक्षण मिळालेले नाही. त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी ठरावीक कारणांसाठी बायकोला मारणे योग्य मानले. त्या ४४ टक्क्यांतही मुलींचे बाप आहेतच.

मुंबईत सुमारे १४० वर्षांपूर्वी एका बापाने हे काम वेगळ्या रीतीने केले, आणि तो सख्खा बाप नव्हता. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन वैद्यकाचे अध्यापक, वनस्पतींचे अभ्यासक, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांपैकी एक. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी झाले. लग्न लावले, पण एवढ्या लहान मुलीला सासरी पाठवायला सावत्र बापाने नकार दिला. मुलगी त्याच्याच घरात वाढली, वाचत राहिली, आणि जाणती झाल्यावर तिने स्वतःच जायला नकार दिला.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पुढे अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध झोड उठवली. दादाजींच्या बाजूने आरोप झाला तो आजही समुपदेशनाच्या टेबलावर रोज ऐकू येतो: मुलीचा दोष नाही, माहेरचे तिला फूस लावतात, त्यांचा डोळा पैशावर आहे. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत-राजकोटला रुग्णसेवा केली. सखाराम अर्जुन पहिला निकाल ऐकायलाही नव्हते. १८८५ च्या एप्रिलमध्येच ते वारले होते.

या माणसाने केले ते फार नाट्यमय नव्हते. त्याने लग्न मोडले नाही, जावयाला धमकावले नाही. त्याने वेळ दिला, पुस्तके दिली आणि दार बंद केले नाही. नकाराचा निर्णय मुलीचाच राहिला. आणि तिच्या नावावर मालमत्ता होती, हेही विसरता येत नाही.

या शेवटच्या मुद्द्याला भक्कम आधार आहे. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या सुमारे पाचशे स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावे घर नाही आणि जमीनही नाही, अशांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी लग्नात दीर्घकाळ मारहाण सोसली होती. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. जिला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलताना नवराही विचार करतो, आणि उचललाच तर ती उठून जाऊ शकते.

महाराष्ट्रात मात्र बापाच्या दाराला आतून एक कडी असते, तिचे नाव हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो पक्का केला. तरी तलाठ्याच्या आणि निबंधकाच्या कार्यालयात बहिणी रांगेने सह्या करताना दिसतात, कारण हिस्सा मागितला तर भाऊ तुटतो आणि माहेर संपते. मग नवऱ्याने हाकललेली बहीण भावाच्या घरी पाहुणी म्हणून येते. लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणारा, सोन्याचे तोळे अभिमानाने सांगणारा बाप मुलीच्या नावे एक खोली करायला बिचकतो. पुणे जिल्ह्यात मे २०२५ मध्ये एका तरुण सुनेचा मृत्यू झाला, तेव्हा तिच्या वडिलांनी लग्नात ५१ तोळे सोने आणि महागडी गाडी दिल्याचे सांगितले आणि अवघा महाराष्ट्र हळहळला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण जे दिले ते सगळे मुलीच्या सासरी गेले, एवढे त्या यादीतूनच कळते.

सासरच्या घराचे काय? घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर कोणाच्याही नावावर असो. दिल्लीतल्या एका सासऱ्याने 'घर माझ्या कमाईचे आहे, सुनेचा त्यात काय संबंध' असा दावा लावला होता. सतीशचंद्र आहुजा खटला म्हणून तो ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये निर्वाळा दिला की घर सासऱ्याच्या मालकीचे असले म्हणून सुनेचा निवासाचा हक्क आपोआप संपत नाही. मालकी एक आणि आसरा दुसरा, हा भेद मीमांसकांनी माणसांबद्दल केला होता. न्यायालयाने तो विटामातीच्या घराबद्दल केला.

याच कायद्यात बापासाठी एक कलम आहे, चौथे. हिंसा झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे सकारण वाटणाऱ्या कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दावा होऊ शकत नाही. बाप, भाऊ, शेजारीण, कोणीही. मॅजिस्ट्रेटपुढच्या अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि तिथून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयांवरचा भार पाहता प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे जो कोर्टाची पायरी चढला त्याला सांगायला नको. नवऱ्याची जबरदस्ती भारतीय दंडविधानात बलात्कार ठरत नव्हती, नव्या न्यायसंहितेतही पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर ठरत नाही. पण २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ हा हिंसेचाच प्रकार आहे. जे आईला सांगवत नाही, बहिणीला सांगवत नाही, ते मुलगी बापाला कसे सांगेल? म्हणूनच बापाने तपशील खोदू नये आणि सांगणारीला योग्य माणसापर्यंत न्यावे.

अशी माणसे आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत बसणाऱ्या, पण खाकी न घालणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची ही व्यवस्था पुढे राज्यभर गेली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र उभारले. 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बाईची जखम जिन्याची नाही, हे ओळखायला तिथे परिचारिका आणि डॉक्टर शिकले, आणि पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे झाली. २०१५ पासून केंद्राच्या योजनेतून 'सखी' केंद्रे आली, जिथे वैद्यकीय, कायदेशीर आणि तात्पुरत्या निवाऱ्याची मदत एका छताखाली मिळणे अपेक्षित आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला वकील मोफत मिळतो आणि तिचे उत्पन्न विचारले जात नाही. हे शेवटचे फार थोड्या बापांना ठाऊक असते. पुष्कळ जण वकिलाच्या फीच्या भीतीनेच मुलीला परत पाठवतात.

मुलीवर, किंवा मुलावर, लैंगिक अत्याचार होतो तेव्हा मालकीचा प्रश्न आणखी धारदार होतो. तेव्हा घरात शब्द येतो तो अब्रू. ती कोणाची? घराण्याची अब्रू मुलीच्या देहात ठेवलेली आहे असे मानले, की बाप मुलीऐवजी अब्रूला वाचवायला धावतो. तक्रार दडपतो, गाव सोडतो, घाईने लग्न उरकतो. दिल्लीत २०१२ साली ज्या तरुणीवर बसमध्ये अत्याचार झाले, तिच्या आईने तीन वर्षांनी जाहीर सभेत मुलीचे नाव घेतले आणि लाज वाटायची तर गुन्हेगारांना वाटावी, असे ठणकावले. अब्रूची मालकी तिने एका वाक्यात योग्य पत्त्यावर पाठवली.

बापाची दुसरी प्रतिक्रिया संतापाची: "मी त्याचा जीवच घेतो." ती समजण्यासारखी आहे, पण मुलाला तिचीच धास्ती असते. बाबा मारतील, बाबा तुरुंगात जातील, माझ्यामुळे सगळे मोडेल, म्हणून मूल गप्प बसते. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा, कित्येकदा नात्यातला असतो. कधी तो बापच असतो, आणि तेव्हा वरचा सगळा विवेक आईला किंवा आजोबांना करावा लागतो. केंद्र सरकारच्या २००७ मधल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य त्या आकड्यापुढे टिकत नाही.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने निदान पोलिसांची रीत बदलली. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ हवी. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही, त्याची ओळख फोडायची नाही. सुनावणीत सोबत करायला साहाय्यक व्यक्ती मिळू शकते. गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे, त्यामुळे 'घरातच मिटवू' हा पर्याय कायद्याने काढून घेतला. महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेतून, २०१३ पासून, पीडितांना अर्थसाहाय्य आणि पुनर्वसन मिळते. यात बापाचे मुख्य काम एकच: मुलाने सांगितले ते खरे मानायचे, पुन्हापुन्हा वदवून घ्यायचे नाही, आणि आपला राग त्याच्यासमोर ओतायचा नाही. हे लिहायला सोपे आहे. म्हणूनच समुपदेशन मुलाइतकेच बापालाही लागते, आणि ते मागणे बापाला सर्वांत अवघड जाते.

मग हिंसा करणाऱ्याचा बाप कुठे असतो? मुलीच्या बापाला उपदेश करणाऱ्यांना हा सहसा आठवत नाही. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये एक निवेदन दिले: बायको मार खाण्यासाठी नसते असे मानणारे पुरुष हवे आहेत. दोनशेहून अधिक उत्तरे आली. त्यातून मुंबईत १९९३ मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', म्हणजे 'मावा', ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी कॉलेजांतल्या मुलांशी मर्दानगीबद्दल बोलत राहिले, 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक काढत राहिले. या मुलांपैकी अनेकांनी आईला मार खाताना पाहिलेले असते. नातिचरामि म्हणणाऱ्या मुलाचा बाप त्याच मांडवात फेटा बांधून बसलेला असतो. त्याच्याकडून वचन कोणी घेत नाही, पण मुलाने ते मोडले तर पहिला आवाज त्याच्या कानावर पडतो, भिंतीपलीकडून.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रांचीतल्या एका वडिलांनी सासरी छळ झालेल्या मुलीला वाजतगाजत, फटाके उडवत घरी आणले. पुढच्याच वर्षी कानपूरमध्ये आणखी एका बापाने तसेच केले. चित्रफिती देशभर पाहिल्या गेल्या, आणि ते योग्यच होते. लाजेने परत येण्याच्या रिवाजाला हे सणसणीत उत्तर होते. तरी त्यात एक धोका आहे. 'मी दिली, मीच परत आणली' यातही कर्ता बापच राहतो. परत आलेल्या मुलीने कधी बाहेर पडावे, तडजोड करावी की घटस्फोट घ्यावा, पुन्हा लग्न करावे की नाही, हे बाप ठरवू लागला, तर देणाऱ्याची जागा घेणाऱ्याने घेतली एवढेच होते. मुरलेल्या समुपदेशक म्हणूनच बाईला 'सोड' म्हणत नाहीत आणि 'राहा'ही म्हणत नाहीत. त्या तिच्याबरोबर बसून सुरक्षिततेची आखणी करतात: भांडण पेटायला लागले की कुठल्या खोलीत जायचे नाही, आधारकार्ड, मुलांचे दाखले आणि बँकेचे पुस्तक यांच्या झेरॉक्स कोणाकडे ठेवायच्या, रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, रिक्षापुरते पैसे कुठे असतील. या यादीत वडिलांचे नाव किती ठिकाणी लिहायचे, हे ती ठरवते. वडिलांनी तिला आजच सांगायला हवे ते इतकेच, की नाव लिहिलेस तर फोन उचलला जाईल आणि 'का आलीस' असे कोणी विचारणार नाही.